एसटीच्या इतिहासाचं फिरतं संग्रहालय करायचं तर बसमध्ये नेमकं काय ठेवाल?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मी प्रदर्शनाची मांडणी शिकतेय, शेवटचं वर्ष आहे. प्रकल्पाचा विषय आलाय तो असा, की एखाद्या कंपनीचा किंवा संस्थेचा इतिहास सांगणारं फिरतं संग्रहालय डिझाइन करा, एका गाडीत मावलं पाहिजे आणि गावोगाव नेता आलं पाहिजे. वर्गात कुणी साबणाची कंपनी घेतली, कुणी सायकलींची. मी एसटी घेतली. माझे आजोबा वाहक होते, त्यांचा तिकिटं टोचायचा चिमटा अजून आमच्या देवघराच्या फळीवर असतो आणि दसऱ्याला त्याची पूजा होते, त्यामुळे दुसरा विषय मनात आलाच नाही.

आत्तापर्यंत जमवलेलं थोडक्यात सांगते. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा. पुढं १९५० च्या कायद्याने महामंडळ झालं, महाराष्ट्र झाल्यावर १९६१ पासून आत्ताचं नाव. १९८२ च्या एशियाडच्या वेळी निमआराम गाड्या आल्या म्हणून त्यांना अजून एशियाडच म्हणतात. आणि १ जून २०२२ ला पहिली विजेवरची शिवाई परत त्याच पुणे-नगर रस्त्यावर सोडली.

हे सगळं फलकांवर लिहून बसच्या दोन्ही बाजूंना लावलं तर सर मार्क देतील, पण आजोबा असते तर दोन मिनिटांत खाली उतरले असते असं मला वाटतं. तर तुम्ही काय ठेवाल? गाडीचा रंग कुठला? गाडी कुठं कुठं उभी करायची? सगळं सांगा, कितीही मोठं लिहिलंत तरी चालेल.

रुमालवाला
पहिली गोष्ट, दारात रुमालांची टोपली ठेवा. ज्याने खिडकीतून रुमाल टाकला त्याला आधी प्रवेश. 😄

घाटमाथा
रंगाचा प्रश्नच येत नाही, लाल! लालपरी म्हणतात तिला.

नेमकंबोला
घाटमाथा, सुरुवातीच्या गाड्या लाल नव्हत्या. निळ्या होत्या, टप चंदेरी. लाल रंग नंतर आला. आपल्या आठवणी लाल आहेत म्हणून इतिहास लाल होत नाही. संग्रहालय म्हणवून घ्यायचं असेल तर निळा द्या, लोक थांबून विचारतील "ही निळी एसटी कुठली?" आणि तिथूनच गोष्ट सुरू होईल.

घाटमाथा
विचारतील कसले, आमच्या गावात निळी गाडी दिसली तर कंपनीची स्टाफ बस समजून कुणी जवळ येणार नाही. लाल गाडी फाट्यावर दिसली की म्हातारी माणसं सुद्धा पिशवी उचलून उभी राहतात, ती ओढ कशाला घालवायची?

मास्तर_गडहिंग्लज
दोघांचंही घ्या की. एक बाजू निळी आणि टप चंदेरी, दुसरी बाजू लाल. शाळेची पोरं गाडीला प्रदक्षिणा घालतीलच, घालता घालता ७५ वर्षं फिरून येतील.

पाटीपेन्सिल
मास्तर, हे मी वहीत लिहून घेतलं. रस्त्यावर एका बाजूने येताना निळी आणि जाताना लाल दिसेल!

दापोडीकर_काका
मी दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पोरी, विषय चांगला घेतलास. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं की कारखान्यातून यायची ती फक्त चेसिस, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. वरची गाडी आम्ही बांधायचो. अॅल्युमिनियमचा पत्रा, हजारो रिव्हेट, एक जण बाहेरून मारणार आणि दुसरा आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरणार, दोघांचा मेळ बसला नाही तर रिव्हेट वाकडी. आता माइल्ड स्टीलच्या बॉडी आल्या. तुझ्या संग्रहालयात चालक-वाहक येतील, यायलाच पाहिजेत, पण ज्यांनी गाडी बांधली त्यांना कुणी विचारत नाही. माझं म्हणणं, एका खिडकीखालचा दोन फूट पत्रा काढून आतली हाडं उघडी ठेव. लोकांना दिसू दे गाडी कशी उभी राहते.

आता मांडणीचं. जड वस्तू असतील त्या दोन्ही आसांच्या मध्ये आणि खाली फ्लोअरला. मागच्या आसाच्या पलीकडे नाजूक काही ठेवायचं नाही. शेवटच्या सीटवर बसलेला माणूस खड्ड्यात का उडतो? तो भाग चाकाच्या मागं लोंबकळत असतो, चाक चार बोटं उचललं की तिथं वीतभर उडतं. काचेची कपाटं मागं लावलीस तर पहिल्याच घाटात चुरा. नटाखाली रबर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, साधे नट आठ दिवसांत सुटतात.

कागदवेडी
काकांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते, माझं काम जुने कागद वाचवण्याचं आहे. पाटीपेन्सिल, एक कळकळीची विनंती. अस्सल तिकिटं, वेबिलं (वाहकाच्या तिकीटविक्रीच्या हिशोबाचे कागद), फोटो गाडीत अजिबात लावू नकोस. मे महिन्यात चंद्रपूरला बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते, जुलैत तीच गाडी कणकवलीला गेली की ओल. कागद एकदा फुगतो एकदा सुकतो, असं झालं की तुटतोच. वर उजेड. जुन्या कागदाला ५० लक्सच्या वर उजेड नको असं आमच्यात धरतात, बसच्या खिडकीशी त्याच्या कितीतरी पट असतो. चांगल्या स्कॅनवरून हुबेहूब प्रती काढा, त्याच जाडीच्या कागदावर, आणि खाली स्पष्ट लिहा "प्रत". अस्सल वस्तू एका जागी सुरक्षित ठेवा.

दापोडीकर_काका
कागदाचं पटलं. पण लोखंडाला तुमचे नियम लावू नका ताई. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, चिमटा, तिकिटांचा ट्रे, हे अस्सलच पाहिजे आणि हातात दिलं पाहिजे. काचेत ठेवलेला चिमटा म्हणजे नुसतं लोखंड. दाबल्यावर कट्ट वाजतो तेव्हा तो एसटीचा चिमटा.

कागदवेडी
काका मान्य, एका अटीवर. हाताळायचे चिमटे वेगळे, पाच-सहा जमवा, झिजले तर बदलता येतील. आजोबांचा तो एक चिमटा मात्र हाताळायला नाही.

पाटीपेन्सिल
तो तर आई देणारच नाही 🙂

माळरान
धाग्याचा विषय वाचून वेगळंच आठवलं. कंपनीचा इतिहास गावोगाव नेणं हे आपल्याकडे नवीन नाही असं माझं मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला १९०३ च्या सुमाराला, तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. वस्तू लोकांपुढे नेऊन, वापरून दाखवल्याशिवाय विश्वास बसत नव्हता. आणि १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून मासिक निघालं ते आधी कारखान्याचंच होतं, नंतर महाराष्ट्राचं झालं. म्हणजे कंपनीची गोष्ट सांगता सांगता माणसांची गोष्ट सांगायला लागलं की लोक ती आपली मानतात. एसटीला तर हे सोपं आहे, ती आधीच सगळ्यांची आहे.

नेमकंबोला
मुळात एसटी कंपनी आहे का? महामंडळ आहे. प्रकल्पाच्या विषयात बसतं का ते सरांना विचारून घ्या.

पाटीपेन्सिल
विचारलं, "कंपनी किंवा संस्था" आहे, चालतं म्हणाले.

नेमकंबोला
मग दुसरा मुद्दा. बस ही जागाच चुकीची आहे. आतली रुंदी साधारण सव्वादोन-अडीच मीटर. दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरची कपाटं लावलीत तर मध्ये उरतं सव्वा-दीड मीटर. एक माणूस वाकून वाचत असेल तर दुसरा त्याच्यामागून जाणार कसा? एका वेळी पंधरा पोरं, प्रत्येक फेरीला दहा मिनिटं, तासाला नव्वद, पाच तास न थांबता चालवलं तर साडेचारशे. शाळेतच सहाशे पोरं असतील तर? उघडमिट होणारा कंटेनर घ्या, बाजू बाहेर सरकतात, दुप्पट जागा मिळते. भारत सरकारची विज्ञान एक्सप्रेस २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा १६ डब्यांची होती, उगाच नाही.

घाटमाथा
एसटीचं संग्रहालय कंटेनरमध्ये? म्हणजे पुरणपोळीचं चित्र ताटात वाढल्यासारखं झालं.

गोट्या_सातारकर
+१ घाटमाथा

ताम्हिणी
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस आहे ना, २०१५ पासून फिरतेय, शाळांमध्ये जाते. बसमध्ये होऊ शकतं. शिवाय एसटीवरचंच 'वारी लालपरीची' नावाचं प्रदर्शन एसटीच्या बसमध्येच मांडलं होतं आणि ते आगारांमधून फिरलं. पाटीपेन्सिल, ज्यांनी ते केलं त्यांच्याशी आधी बोल, त्यांना काय अडचणी आल्या ते कळलं तर तुझे सहा महिने वाचतील.

पाटीपेन्सिल
हो ताम्हिणीताई, ते माहीत होतं. त्यातले फोटो बघूनच हुरूप आला. भेटायचा प्रयत्न चालू आहे. माझं वेगळं काय असणार हाच आता प्रश्न आहे.

दापोडीकर_काका
नेमकंबोला, हिशोब बरोबर आहे तुमचा, उत्तर चुकलं. सगळं आत कोंबायला सांगितलंय कुणी? गाडीच्या बाजूला मांडव टाका, टपावरून ताडपत्री ओढून खांबाला बांधायची. वाचायचं ते सगळं मांडवात. रांगेत उभ्या असलेल्यांना रांगेतच वाचायला मिळेल. आत फक्त बसायचं, हात लावायचं आणि ऐकायचं. सहा सीटा अस्सल राहू देत. आणि मागं "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" आहे तिथून जिना लावून उतरवा, म्हणजे येणारे-जाणारे एकमेकांवर आपटणार नाहीत. पण त्या मार्गाला कुलूप किंवा कपाट आडवं येता कामा नये, ही अट लिहून घे पोरी.

नेमकंबोला
मांडवाची कल्पना चांगली आहे. मग बस चालेल, मी शब्द मागे घेतो. व्हीलचेअरसाठी रॅम्प धरा, आणि ज्यांना चढताच येणार नाही त्यांच्यासाठी ट्रे, चिमटा, घंटी यांचा एक संच खाली मांडवातही ठेवा.

गोदाकाठ
सगळे १ जून १९४८ म्हणताय, तो मुंबई राज्याचा इतिहास झाला. आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथं निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ मध्येच बसगाड्या चालू केल्या होत्या, रस्ते वाहतुकीचा वेगळा विभाग होता त्यांचा. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, तिथली सरकारी वाहतूक वेगळी. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली, मराठवाडा-विदर्भ मुंबई राज्यात आले आणि मग या सगळ्या गाड्या एका छत्राखाली आल्या. तुमची बस नांदेडला येऊन "सुरुवात पुण्या-नगरला झाली" असं सांगायला लागली तर आमचे म्हातारे म्हणतील, आम्ही तर त्याआधी बसने फिरलो होतो!

पाटीपेन्सिल
बाप रे. हे माझ्या टिपणात कुठंच नव्हतं. थँक्यू गोदाकाठ.

सीमेवरचा
गोदाकाठ यांच्या उलट बाजू आमची. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणजे आमच्याकडे आधी एसटी होती आणि मग गेली. आजही आमच्या स्टँडवर कोल्हापूरची लाल गाडी लागली की आजी नुसती बघत उभी राहते. नकाशा काढशील तर आत्ताच्या महाराष्ट्राचा एकच काढू नकोस. गुजरातेत सुद्धा १९६० पर्यंत हीच एसटी होती. तीन-चार नकाशे एकावर एक, पारदर्शक कागदावर, वाचणाऱ्याने उलटत जायचे.

कागदवेडी
कागद नको, अॅक्रिलिकच्या चकत्या. पोरांच्या हातात कागद दोन दिवस टिकेल.

नेमकंबोला
विषय आकड्यांचा निघालाच आहे तर अजून एक. सगळीकडे छापून येतं की पहिल्या गाडीचं तिकीट नऊ पैसे होतं. जरा विचार करा. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. १९४८ मध्ये रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे. म्हणजे नऊ पैसे झाले सव्वादोन आणे, आणि तेवढ्यात पुण्याहून नगर? सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. मला तरी पटत नाही. कदाचित मैलाचा दर असेल, कदाचित पै आणि पैसा यांची गल्लत असेल. जोपर्यंत त्या काळातलं अस्सल तिकीट किंवा दरपत्रक डोळ्यांनी बघत नाहीस तोपर्यंत फलकावर लिहू नकोस.

पाटीपेन्सिल
मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आत्ताच खोडलं.

मास्तर_गडहिंग्लज
खोडू नका, त्याचाच खेळ करा! "नऊ पैशात नगर?" असा फलक लावा, खाली आणे-पैचा हिशोब पोरांना करू द्या, आणि लिहा की तुमच्या घरी जुनं तिकीट असेल तर दाखवा. पोरं घरी जाऊन आज्यांच्या ट्रंका उपसतील.

रुमालवाला
मास्तर, शाळा सुटल्यावर पण गृहपाठ 😄

अटलांटाकर
इतकं सगळं आलं पण डबा नाही आला कुणाच्या बोलण्यात? मी पुण्याला शिकायला होतो, गाव साधारण साठ-सत्तर किलोमीटरवर. आई पहाटे उठून भाकरी करायची, डबा फडक्यात बांधून सकाळच्या गाडीला द्यायची, साडेअकरा-बाराला मी स्टँडवर जाऊन घ्यायचो, आदल्या दिवशीचा रिकामा डबा परतीच्या गाडीत. डब्यावर ऑइलपेंटने नाव. असे कितीतरी डबे एका जागी असायचे. तीन वर्षं असं चाललं, त्या डब्यात कधी चिठ्ठी असायची, कधी फीचे पैसे पुडीत बांधलेले. आज इथं बसून हे टाइप करताना सुद्धा त्या फडक्याचा वास येतोय मला. त्या गाडीने मला पदवी दिली असं मी मानतो. संग्रहालयात दुसरं काही नसलं तरी चालेल, डबे ठेवा.

घाटमाथा
अटलांटाकर, डोळ्यात पाणी आणलंत राव.

माळरान
आमच्याकडे डबा नाही पण औषध. डॉक्टरांची चिठ्ठी सकाळच्या गाडीने तालुक्याला आणि संध्याकाळच्या गाडीने औषध. टपालाची थैली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, भाजीच्या पाट्या, सगळं त्याच गाडीने. रात्री ती गाडी गावात मुक्कामाला. मुक्कामी गाडीचे चालक-वाहक देवळात झोपायचे, कुणा ना कुणाच्या घरून भाकरी-कालवण जायचं. त्यांना गावातल्या सगळ्या पोरांची नावं माहीत असायची, दहावीच्या परीक्षेला एखादं पोर आलं नाही की गाडी सुटायच्या आधी हाक मारायला माणूस पाठवायचे.

पाटीपेन्सिल
मला आत्ता लक्षात येतंय की मी गाडीचा इतिहास लिहीत होते, आणि तुम्ही सगळे गाडीत काय काय गेलं ते सांगताय. डब्यांची भिंत करते. खिडक्यांच्या वर जिथं सामान ठेवायची फळी असते त्यावर डबे, प्रत्येकावर नाव आणि गाव, झाकण उघडलं की आत कागद, त्या डब्याची गोष्ट.

दापोडीकर_काका
झाकणाला साखळी लाव. आणि डब्याखाली रबर, नाहीतर चालत्या गाडीत असा खणखणाट होईल की चालक वेडा होईल.

केतकी_ठाणे
बायकांबद्दल काहीच नाही अजून. एसटी नसती तर गावातल्या किती मुलींचं शिक्षण सातवीला संपलं असतं? मुलींना मोफत पास मिळाला म्हणून वडील "जा" म्हणाले, हे मी माझ्या मावशीकडून ऐकलंय. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आता आमच्या मावशा कारण काढून माहेरी जातात. आणि वाहक म्हणून बायका कधीपासून दिसायला लागल्या, २०२३ मध्ये तर सासवड-नीरा मार्गावर महिला चालकाने गाडी नेली. हे वेगळं "महिला दालन" करून कोपऱ्यात नका टाकू हां, जिथल्या तिथं येऊ दे.

घाटमाथा
पूर्ण सहमत.

विरंगुळा
आणि २०२१-२२ चा संप? तो दाखवणार का? का फक्त फुगे आणि फिती?

रुमालवाला
वाढदिवसाच्या घरी रडगाणं नको हो. लोक आनंदाने बघायला येणार.

विरंगुळा
नोव्हेंबर ते एप्रिल बहुतेक गाड्या बंद होत्या, गावं अडली होती, कामगारांच्या घरात काय चाललं होतं ते मी शेजारी राहून बघितलंय. ७५ वर्षांत ते सहा महिने नव्हतेच असं करायचं असेल तर ते संग्रहालय नाही, जाहिरात आहे. रागावून नाही म्हणत, मनापासून म्हणतोय.

दापोडीकर_काका
विरंगुळा बरोबर बोलले. मी निवृत्त झालो होतो पण माझी पोरं, म्हणजे हाताखाली शिकलेली, त्यात होती. पोरी, त्यावर तू मत मांडू नकोस, सरकारचं बरोबर का कामगारांचं हे सांगायला जाऊ नकोस. एक चालक, एक वाहक, एक मेकॅनिक आणि एक रोजचा प्रवासी, चौघांच्या तोंडून पाच पाच वाक्यं ऐकव. सीटवर बसून कानाला लावायचं. तेवढं पुरे.

रुमालवाला
असं असेल तर ठीक आहे. काकांनी सांगितल्यावर पटलं.

सर्किटवाला
विजेचं कुणी बोललं नाही म्हणून. जनरेटर लावू नका, त्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही आणि मांडवात धूर. गाडीची वायरिंग २४ व्होल्टची असते, २४ व्होल्टच्याच एलईडी पट्ट्या मिळतात, मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. दिवे शंभर वॅटचे धरले आणि सहा तास चालवले तर ६०० वॅट-तास, वेगळी बॅटरी घेतली की आरामात भागतं, रात्री आगारात चार्ज. गाडी स्टार्ट करायच्या बॅटऱ्यांना मात्र हात लावायचा नाही, नाहीतर संग्रहालय धक्का मारून न्यावं लागेल. आवाजासाठी स्पीकर एकच, बाकी सगळं कानाला लावायचं.

घाटमाथा
एक स्पीकर कशाला लागतो माहितीये ना? स्टँडवरची घोषणा! आणि घंटीची दोरी विसरू नका. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला.

गोट्या_सातारकर
दोरी दिली तर दिवसभर डबल बेल. पोरं सोडणार नाहीत.

दापोडीकर_काका
सोडू नयेतच. दोरी दर आठवड्याला बदलायची, नायलॉनची जाड घ्यायची.

मास्तर_गडहिंग्लज
आता गाडी कुठं उभी करायची ते. आगार सोयीचं आहे, वीज-पाणी आहे, पण आगारात येणारा माणूस गाडी पकडायच्या घाईत असतो. तुम्ही आठवडी बाजार धरा. बाजाराचा दिवस सगळ्या पंचक्रोशीला पाठ असतो, वेगळी जाहिरात लागत नाही, आणि बाजार आटोपून परतीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाकडे तासभर रिकामा असतो. तोच तुमचा खरा प्रेक्षक. सकाळी शाळा, दुपारी बाजार.

ताम्हिणी
आषाढीला पंढरपूर? एसटीच्या जादा गाड्यांचं नातंच आहे वारीशी.

मास्तर_गडहिंग्लज
आषाढीला तिथं माणसाला पाय ठेवायला जागा नसते ताई, त्यात आपली गाडी अडचण करणार. कार्तिकी आटोपली की आठवडाभराने जावं.

गोदाकाठ
आणि ज्या गावात मुक्कामी गाडी यायची तिथं एक रात्र हीच गाडी मुक्कामाला ठेवा. संध्याकाळी माणसं शेतातून आली की बसतील, बोलतील. दिवसा कुणाला वेळ असतो?

पाटीपेन्सिल
मंडळी, चार दिवस शांतपणे सगळं परत वाचलं आणि आराखडा नव्याने काढला, जुना टाकून दिला. आता असं आहे. एक बाजू निळी, एक लाल. वाचायचं सगळं मांडवात, त्यात चकत्यांचे नकाशे, निजामाच्या आणि मध्य प्रांतातल्या गाड्यांसकट. आत सहा सीटा, उघडा पत्रा, ट्रे, चिमटे, घंटी, वर डबे, मागून उतार. रस्त्याच्या बाजूची एक खिडकी उघडीच ठेवतेय, तिच्याजवळ वस्तू काही नाही, नुसतं बसायचं.

आणि मुख्य बदल. निघताना फळीवर बाराच डबे असतील, बाकीची फळी रिकामी. जिथं मुक्काम पडेल तिथं मांडवात एक टेबल, स्कॅनर आणि आवाज टिपायचं यंत्र. लोक फोटो, पास, तिकीट आणतील, ते तिथंच स्कॅन करून लगेच परत. कुणाला डबा किंवा वस्तू द्यायची असेल तर घ्यायची. पहिल्या गावातली गोष्ट दुसऱ्या गावात ऐकायला मिळेल. कागदवेडीताई, यात काय चुकतंय ते सांगा.

कागदवेडी
काहीच चुकत नाही, फक्त नोंदवही ठेव. वस्तू कुणी दिली, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, कायमची का परत बोलीवर, आणि देणाऱ्याची सही. एक पावती त्याच्याकडे. फिरत्या गाडीत हे राहून जातं आणि दोन वर्षांनी कुणाचं काय ते कळत नाही, मग वस्तू असते पण मुकी. आवाज टिपशील त्याचीही लेखी परवानगी घे.

अटलांटाकर
माझा डबा पाठवतो. आईने जपून ठेवलाय, नाव अर्धं उडालंय. पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा आणून देतो. कायमचा.

पाटीपेन्सिल
काका, आईंना विचारा आधी, प्लीज.

अटलांटाकर
विचारलं. म्हणाली, रिकामा देऊ नकोस.

मास्तर_गडहिंग्लज
आमच्या शाळेच्या माळ्यावर एक पत्र्याची पाटी आहे, गाडीच्या पुढं लावायची ती, आमच्या गावाचं नाव लिहिलेली. गावची मुक्कामी गाडी बंद झाली त्या वर्षी एका वाहकाने आठवण म्हणून शाळेला दिली होती. अक्षरं पुसट झालीत. मुख्याध्यापकांशी बोललो, ते द्यायला तयार आहेत. चित्रकलेच्या सरांकडून अक्षरं नव्याने रंगवून घेऊ का?

कागदवेडी
नको नको! अजिबात रंगवू नका, पुसू पण नका. आहे तशी जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा.

पाटीपेन्सिल
मास्तर, मी शनिवारी येते. सकाळची गाडी किती वाजता आहे?